मुदतीत उत्तर आलं नाही

३ मार्च

पाद्रीनो,

हे पत्र तुम्हाला आज मिळणार नाही. उद्याही नाही. तुम्हीच लिहिलंय ना, कागद हातात पडला की दुसऱ्या दिवसापासून मुदत मोजायची. तुमचे दिवस मला इतक्यात सुरू करायचे नाहीत. लिहून ठेवतेय. सगळी एकदम देईन.

मी युदित. सायवापाता गावची, फाउस्तिनाची मुलगी. अजून आठवत नसेल तर सांगते. मी तीन वर्षांची असताना तुम्ही माझं जावळ काढलंत. कात्रीला लाल रिबीन बांधली होती. पहिली बट तुम्ही कापलीत, ताटात ठेवलीत आणि मला एक मेंढी दिलीत. तेव्हापासून तुम्ही माझे पाद्रीनो, मानलेले वडील; आई तुमची कोमाद्रे आणि तुम्ही तिचे कोंपाद्रे. सख्ख्या भावापेक्षा जवळचे, असं आई म्हणते. अजून म्हणते.

मला समोर बोलता येत नाही. घशातच अडकतं. शाळेत फळ्यापाशी उभं केलं की बाई म्हणायच्या, हिला बसवा, हा दगड आहे. सातवीनंतर बसवायची गरजच राहिली नाही. का ते तुम्हाला माहीत आहे. लिहिताना मात्र अडकत नाही. टायपिंगही चांगलं येतं. तेही तुम्हाला माहीत आहे, फक्त ती मी आहे हे माहीत नाही.

कोर्टासमोरची निळ्या पत्र्याची टपरी. टायपिंग, झेरॉक्स, स्पायरल. सेनोबिया मावशी झेरॉक्सवर आणि मी कॉम्प्युटरवर. तुम्ही रोज येता. "पोरी, मार्जिन नीट." "पोरी, शाई फिकी येतेय." दीड वर्ष झालं. माझ्या वेण्या गेल्या, केस कानापर्यंत आलेत, पण तोंड तेच आहे. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत.

तुमचं ते पत्रक, 'पेरू देशाचा नवा कायदा आणि तरुण वकील', दर महिन्याला मीच टाइप करते. तुम्ही फोनवर बोलून पाठवता. पुढच्या दोन पानांवर काय काय नवीन आलं ते, मागच्या दोन पानांवर तरुण वकिलांना सल्ला. सल्ले चांगले असतात. "अशिलाशी त्याच्या भाषेत बोला." "बूट पुसून कोर्टात जा." नवे वकील पत्रक घडी घालून खिशात ठेवतात, मी बघते ना.

काल मार्चचं आलं. तुमचा आवाज होता, मागे कुठेतरी चमचा वाजत होता. तुम्ही म्हणालात, "तरुण मित्रांनो, बंडखोर या शब्दाला घाबरू नका. कोर्टाने एखाद्याला बंडखोर ठरवलं म्हणजे त्याने मुदतीत उत्तर दिलं नाही, एवढंच. तो गुन्हा नाही. पोलीस येत नाहीत. अशिलाला हे आधीच समजावून सांगा. आणि लांबच्या गावच्या अशिलाला अंतराचे जास्तीचे दिवस मिळतात. तो तक्ता भिंतीवर लावा. जो ते दिवस विसरतो, तो वकील नाही."

मी ते तीन वेळा ऐकलं.

मावशी म्हणाली, "काय गं, मशीन अडकलं का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मग टाइप केलं. मार्जिन नीट ठेवलं.

१९ मार्च

पाद्रीनो,

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. म्हणजे नंतर माहीत नव्हतं म्हणता येणार नाही.

चौकाच्या कोपऱ्यावरचं घर आईचं. खाली मक्याची आंबवलेली चिचा विकायची, वर आम्ही झोपायचो. चिचा तयार असली की आई दाराबाहेर काठी लावायची, काठीच्या टोकाला लाल पिशवी. बस थांबली की लोक पिशवी बघून आत यायचे. मग बसवाल्या सोसिमोला तो कोपरा हवासा झाला. त्याने दावा केला, घर त्याच्या आजोबांचं होतं म्हणून. कागद आले. आई ते पोटाशी धरून दोन दिवस प्रवास करून तुमच्याकडे आली.

तुम्ही म्हणालात, "कोमाद्रे, माझ्यावर सोडा. तुम्ही चिचा गाळा."

आई चिचा गाळत बसली. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. मग दुसरा कागद आला, त्यात लिहिलं होतं की फाउस्तिना हुआरकाया यांना बंडखोर ठरवण्यात येत आहे.

तुम्ही सायवापातात वाढलात. आमच्याकडे तो शब्द ऐकल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आईच्या लहानपणी दोन्हीकडचे बंदूकवाले, लष्कराचे आणि डोंगरात लपलेले, यायचे, चौकात सगळ्यांना उभं करून यादी वाचायचे. तिच्या मामाच्या नावापुढे हाच शब्द वाचला होता. मामाचा एक बूट मिळाला.

तर आईने चूल विझवली, लाल पिशवी काढली, मला घेतलं आणि आम्ही वर गेलो. गवताच्याही वर, जिथे दगडांची खोबण आहे. तीन दिवस तिथे होतो. खायला भाजलेला मका आणि चीज. आईचा गुडघा तिथेच गेला. खाली धूळ उडाली की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. मी तशीही बोलत नव्हते.

चौथ्या दिवशी तुम्ही आम्हाला शोधून काढलंत. खाली उभं राहून हाक मारलीत, "कोमाद्रे, मी आहे, या." हातात कागद होता. म्हणालात, "यावर अंगठा द्या, मग तो शब्द मी पुसून टाकतो. घर जाईल, पण जीव राहील." आईने अंगठा दिला. वर तुमचे हात डोक्याला लावले.

घरी येऊन तिने तुमच्यासाठी गिनीपिग भाजला. आमच्याकडचा शेवटचा. मी वाढला. मांडीचा तुकडा तुम्हाला आवडतो म्हणून तो दिला. तुम्ही म्हणालात, "पोर गुणी आहे, कमी बोलते."

आता त्या घराला सोसिमोच्या बसची पाटी आहे. वरच्या मजल्यावर तुमची आहे. 'डॉक्टर एलिओदोरो बेंदेसू, वकील, फक्त शनिवारी.' आमच्या लाल पिशवीच्या काठीलाच टांगलीय. मी डिसेंबरमध्ये जाऊन बघून आले. बाहेर एक म्हातारी बसली होती. पोट दुखतंय म्हणाली, डॉक्टर कधी येतात? वकिलालाही डॉक्टर म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२१ एप्रिल

पाद्रीनो,

काल ईस्टर होता. आईसमोर विषय काढला.

आम्ही आता इथे शहरात, टेकडीवरच्या खोलीत राहतो. आई बाजारासाठी शेंगा सोलते. तिचं ओळखपत्र संपून चार वर्षं झाली. नवं काढायला जात नाही, तिथे नाव विचारतात. गुडघ्यासाठी दवाखान्यात जात नाही, तिथेही नाव विचारतात. रस्त्यावर शिपाई दिसला की टोपली उचलून आत. शब्द पुसलाय हे तिला पटत नाही. म्हणते, लिमाला एक मोठं पुस्तक असेल, त्यात राहिलंच असेल कुठेतरी.

मी म्हटलं, "आई, पाद्रीनोंवर तक्रार करता येते. तू अंगठा दे फक्त."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "कुणावर?"

"पाद्रीनोंवर."

"त्याने तुझं जावळ काढलंय."

"त्यानेच आपलं घर काढलं."

"तोंड सांभाळ. कोंपाद्रेवर बोट उचललं की हात वाळतो. माझ्या आत्याचा वाळला होता."

"तिला लकवा झाला होता, आई."

"तेच सांगतेय."

मी तिला सांगायला गेले की बंडखोर म्हणजे काही नसतं, उशीर झाला एवढाच अर्थ. ती हसली. म्हणाली, "तू सातवीपर्यंत शिकलीस. तुझे पाद्रीनो युनिव्हर्सिटीत शिकलेत. तसं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं?"

मी शेंगांची टोपली माझ्यापुढे ओढली. तुम्ही असतात तर तिला काय सांगितलं असतंत?

८ मे

पाद्रीनो,

वकीलबाई माग्नोलिया तिनेओ तुम्हाला माहीत नसतील. दोन वर्षांपूर्वी सनद मिळाली, ऑफिस नाही, कोर्टाच्या पायरीवर बसून फाइल मांडीवर घेतात. तुमचं पत्रक त्यांच्याकडे पहिल्या अंकापासून आहे. आज झेरॉक्सला आल्या तेव्हा मेचा अंक गरम गरम निघत होता.

म्हणाल्या, "डॉक्टर बेंदेसू छान लिहितात, नाही?"

मी तोंड उघडलं. नेहमीसारखंच झालं. मग मी त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि कॉम्प्युटरवर लिहिलं. सगळं. दीड पान. स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"हे कुणाचं झालंय?"

मी टाइप केलं, आईचं.

"आणि वकील कोण होता?"

मी तुमचं पत्रक उचलून दाखवलं.

त्या बाकावर बसल्या. मावशीने न विचारता त्यांना चहा दिला. चहा संपवून म्हणाल्या, "सायवापाता ते इथे अंतराचे चार दिवस मिळतात. आईला बंडखोर ठरवलं, त्या दिवशीसुद्धा मुदत बाकी होती. यांनी नुसता एक कागद दिला असता तरी शब्द रद्द झाला असता. घरही राहिलं असतं."

"त्यांनी मुद्दाम केलं," मावशी म्हणाली. ती झेरॉक्स काढताना सगळ्यांचं वाचते.

"ते वकील मंडळासमोर सिद्ध करावं लागेल. मंडळाने ठपका ठेवला तर त्या जोरावर अंगठ्याचा कागद रद्द करायला जाता येईल. आईची सही मिळेल?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग दुसऱ्या कुणा सज्ञान माणसाची. तुझं वय?"

टाइप केलं, ११ जूनला अठरा.

"मग थांबू. तोवर कागद जमव." मग त्या तुमचं पत्रक उलटसुलट करत बसल्या. "मी हे लिहून दिलं तर या कोर्टात मला काम मिळणं कठीण आहे, माहितीये ना? यांनीच लिहिलंय, पान चार. पहिली पाच वर्षं ज्येष्ठांशी वाकडं घेऊ नका."

मला वाटलं आता उठतील.

"एवढा एक सल्ला सोडून बाकी सगळे पाळलेत मी," त्या म्हणाल्या आणि पेन काढलं.

११ जून

पाद्रीनो,

आज मी अठरा वर्षांची झाले. सकाळी ओळखपत्र घेतलं आणि दुपारी वकील मंडळात तक्रार दिली. सोबत कोर्टाची फाइल, तारखांसकट. अंगठ्याचा कागद. तुमच्या पाटीचा फोटो. आणि मार्चचा अंक, तुमच्या शब्दांखाली रेघ मारून. टाइप केलेलं माझंच आहे, चूक एकही नाही.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?" मी तुमचं पूर्ण नाव घेतलं. मोठ्याने. अडकलं नाही.

आता एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, ती लिहिते. तो दुसरा कागद आला तेव्हा आईला वाचता येत नव्हता. कागद स्पॅनिशमध्ये, आईला फक्त केचुआ भाषा येते. घरात वाचणारी मी एकटी. बंडखोर हा शब्द तिला मीच वाचून दाखवला. वाचताना मला अभिमान वाटत होता की एवढा अवघड कागद मला न अडखळता आला. मग तिचा चेहरा बघितला.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. लोकांना वाटतं घर गेलं म्हणून. मी वाचलं नसतं तर ती वर गेली नसती, असं मला चार वर्षं वाटत होतं. मार्चमध्ये कळलं की मी नुसतं वाचलं होतं. अर्थ माहीत असलेला माणूस दुसराच होता.

माझी चार वर्षंसुद्धा मोजा, पाद्रीनो. आईचं घर, आईचा गुडघा आणि हे.

८ जुलै

पाद्रीनो,

हे नीट वाचा, कारण तुम्ही म्हणाल की टपरीवाल्या पोरीने कागद लपवला.

आता नोटिसा कागदावर येत नाहीत, कॉम्प्युटरवरच्या पेटीत येतात. पेटीत पडली की मिळाली असं धरतात, उघडा नाहीतर नका उघडू. एप्रिलचा अंक, पान एक. तुम्ही तरुण वकिलांना लिहिलंत, पेटी रोज स्वतः उघडा, हे काम दुसऱ्यावर टाकू नका. त्याच आठवड्यात मला पासवर्डची चिठ्ठी दिलीत. "तूच उघडत जा पोरी, मला डोळ्यांना त्रास होतो."

१ जुलैला मंडळाची नोटीस पेटीत पडली. उत्तराला पाच कामाचे दिवस. मी छापली. तुमच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली.

तुम्ही कोपऱ्यातलं चिन्ह बघितलंत. "मंडळाचं? वर्गणी मागत असतील. खाली टाक."

२ तारखेला परत वर ठेवली.

"पोरी, कामाचं वर ठेवावं. बाकी खाली. किती वेळा सांगू?"

३ तारखेला मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "डॉक्टर, याला मुदत आहे." आवाज निघाला. मावशीने ऐकला. तुम्ही फोनवर होतात. मला हाताने थांबवलंत, बोलून झालं आणि निघून गेलात.

४ तारखेला तुमच्या नावावर पिवळा रंग मारला. तुम्ही बघितलंच नाही. ७ तारखेला तोच कागद वेगळा काढून थेट तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेतलात, पायरीवर पाय ठेवलात आणि त्याने बूट पुसलेत. आधी उजवा, मग डावा. मग कोर्टात गेलात.

मावशी म्हणाली, "सल्ला पाळतो हो माणूस."

तो कागद मी उचलून ठेवलाय. मावशीने मागे लिहून दिलं, मी पाहिलं म्हणून, आणि सही केली.

लपवणं सोपं होतं. एकदा वाटलंही. पण लपवलं असतं तर तुम्हाला सुटायला वाट मिळाली असती. तुम्हाला एवढीशीही वाट मिळू नये म्हणून मी पाचही दिवस प्रामाणिक राहिले.

आज पाचवा दिवस संपला. तुमचं ऑफिस मंडळापासून दोन गल्ल्यांवर आहे. तक्त्यात मी बघितलं, दोन गल्ल्यांसाठी दिवस नाहीत.

१८ जुलै

पाद्रीनो,

आता सगळी पत्रं एकदम देतेय. दिवस उद्यापासून मोजा.

मंडळाचा ठराव काल पेटीत आला. 'डॉक्टर एलिओदोरो बेंदेसू यांच्याकडून मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणून त्यांना बंडखोर ठरवण्यात येत आहे. पुढील चौकशी त्यांच्या अनुपस्थितीत होईल.' मी दोन प्रती काढल्या. एक सोबत आहे. एक घरी नेली.

आईला म्हटलं, "पाद्रीनोंना बंडखोर ठरवलंय."

एवढंच बोलले. पुढचं सांगायच्या आत ती उठली होती. दाराला आडवं लाकूड लावलं. मोठं फडकं पसरलं, त्यात भाजलेला मका ओतला, चीज ठेवलं. "वर गेला असेल तो. त्याला वाटा आठवत नसतील आता, किती वर्षं शहरात. बूटसुद्धा शहरातले. तू गावी जा, त्या खोबणीपाशी ठेवून ये. हाक मारू नकोस, नुसती ठेव." मग खाटेखालून घोंगडी काढली. जावळाला तुम्ही दिलेल्या मेंढीच्या लोकरीची, आईने स्वतः विणलेली. आमच्याकडे तेवढी एकच आहे. ती घडी करून मक्यावर ठेवली.

मी म्हटलं, "आई, ते वर नाही गेले. मी येताना बघितलं, ऑफिससमोर बसून कॉफी पीत होते."

"बंडखोर ठरवल्यावर?"

"त्याचा अर्थ उशीर झाला एवढाच. मुदतीत उत्तर दिलं नाही. पोलीस येत नाहीत. यादी नसते. लिमाला पुस्तक नाहीये."

मी तिला मार्चचा अंक वाचून दाखवला, केचुआमध्ये करून, हळूहळू. तुमचे शब्द आहेत हे सांगितलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, "हे त्याला तेव्हा माहीत होतं?"

"तेव्हाही माहीत होतं."

"खाली उभा राहून हाक मारत होता तेव्हा?"

"हो."

ती गुडघ्यावर हात ठेवून बसली. चुलीवरचं पाणी उकळून उकळून संपलं, तरी उठली नाही. मग दाराचं लाकूड काढलं. बाहेरून दोन शिपाई चालले होते. ती दारातच उभी राहिली, ते वळेपर्यंत.

सोमवारी ती माग्नोलियाबाईंच्या कागदावर अंगठा देणार आहे, घराच्या दाव्यासाठी. या वेळी कागद मी आधी वाचून दाखवलाय, प्रत्येक शब्द अर्थासकट. ओळखपत्राच्या रांगेत तिचा नंबर बुधवारी आहे.

तुमच्या ऑगस्टच्या अंकाचं टाइप करायला दुसरं कुणीतरी बघा. पासवर्डची चिठ्ठी सोबत परत करतेय.

गाठोडं पण सोबत आहे. मी म्हटलं आता कशाला, तर आई म्हणाली, "बांधलंय ते दे. मका त्याला तीन दिवस पुरेल. चावू दे बसून."

मग तिने गाठ परत सोडली आणि घोंगडी काढून घेतली.

युदित